सिद्रामप्पांना पांढरे मिळाले

निलंग्याच्या आमच्या बुद्धिबळ मंडळात एक नियम कधी मोडला नाही : पांढरे मोहरे वयानं मोठा असेल त्याला. त्यामुळे एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले सिद्रामप्पा बारा वर्षं व्यंकटीदादांसमोर काळे घेऊन बसले आणि बहुतेक वेळा हरले. दादा दोन वर्षांनी मोठे. त्यांची पहिली चाल ठरलेली, राजापुढचं प्यादं दोन घरं.

यंदा लातूरच्या ज्येष्ठांच्या स्पर्धेला मंडळातून एकालाच पाठवायचं होतं. एकदा तरी गावाच्या नावानं खेळावं, एवढीच सिद्रामप्पांची इच्छा. सहा महिने ते नातीच्या मोबाइलवर काळ्यांचा सिसिलियन बचाव शिकले. दादांच्या त्या एका चालीवरची उत्तरं वहीत लिहून पाठ केली. पूजेच्या वेळीही ओठ हलायचे. नीलाबाईंना वाटे, नवरा नवं स्तोत्र म्हणतोय.

निवडीच्या डावाआधी चिटणीस सरोजिनीबाईंनी वयाच्या पुराव्यासाठी दोघांची आधार कार्डं मागितली.

"सिद्रामप्पा, तुम्ही मोठे निघालात. पांढरे तुमचे."

दोघांचाही जन्म एक जूनचा, साल तेवढं वेगळं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं लावलेला. मीही मास्तरकीच्या नोकरीत पुष्कळांना एक जूनला जन्माला घातलं आहे. त्यापायी कुणाचा डाव अडेल, असं वाटलं नव्हतं.

"ह्याच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात म्या," दादा म्हणाले.

"घुगऱ्यांचा दाखला आहे का?" बाईंनी विचारलं.

"मला काळेच द्या की, बाई," सिद्रामप्पा काकुळतीला आले.

बाईंनी पट फिरवून ठेवला.

सिद्रामप्पांनी मनातल्या मनात वही चाळली. वहीत पांढऱ्यांचं एकही पान नव्हतं. शेवटी बारा वर्षं समोरून पाहिलेलं तेवढं आठवलं : राजापुढचं प्यादं दोन घरं. मग घोडा, मग उंट, सगळा दादांचाच क्रम. आता पंचाईत दादांची. इथं त्यांनी काळ्यांना कधी हात लावला नव्हता. तासाभरात त्यांचा वजीर गेला.

"माझ्याच काठीनं मला हाणायलास, आप्पा."

"दुसरी हाय कुठं माझ्याकडं?"

लातूरची स्पर्धा बाद पद्धतीची. पहिल्याच फेरीत काळे मिळाले, तेव्हा वहीचं सार्थक झालं म्हणून सिद्रामप्पांनी हात चोळले. समोरच्यानं वजिरापुढचं प्यादं सरकवलं. दुपारच्या बसनं ते परत आले.

रविवारी मंडळात पांढरे पुन्हा त्यांच्याच पुढ्यात होते. त्यांनी पट सावकाश फिरवला.

"दादा, सहा महिन्यांची मेहनत हाय माझी. तेवढं एकदा मोठं व्हा की."