शेवंताबाईंच्या विहिरीचं पाणी

त्या सकाळी पाण्याची हातगाडी आली नाही. आली ती शेवंताबाईंची सून, वैशाली. "मॅडम, आज पाणी नाही. सासूबाई गेल्या..." एवढं सांगून ती पुढच्या घरी वळली. गिऱ्हाईक ताटकळायला नको, हे सासूचंच वळण.

नातवंडांनो, नागपूरजवळच्या कन्हानच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या या वस्तीत, अजून नळ आलेला नाही. शेवंताबाईंच्या घरामागे विहीर होती. इथल्या बोअरवेल मे महिन्यात कोरड्या पडल्या तरी तिला पाणी असायचं. निळे ड्रम गाडीवर चढवून त्या दारोदार पाणी विकत. त्यावरच त्यांचं घर चाले.

टँकरवाल्याला हे खुपायचं. विहिरीचं पाणी खराब आहे, अशी कुजबुज त्याने गेल्या उन्हाळ्यात पसरवली. त्या कुजबुजीत पाण्यापेक्षा विहीर कोणाची, हेच जास्त होतं. बौद्धांची... कोणी उघड बोललं नाही, पण शिकल्यासवरल्या घरांनीही ड्रम घेणं बंद केलं. शेवंताबाईंनी पाणी तपासून आणलं, तरीही.

एकदा तो चौकात टँकर थांबवून म्हणाला, "बाई, या वयात कशाला गाडी ढकलता? विहीर मला भाड्याने द्या."

"तुले काहून पायजे गा खराब पाण्याची विहीर?"

चौक हसला. तो मात्र हसला नाही. थोडं जपून बोलत जा, असं मी त्यांना सुचवलं, तर म्हणाल्या, "काहून जी मॅडम? मी पाणीच विकून राहिली, दारू नाही." गाडी थांबली नाही. मोजक्याच दारांत का होईना, जात राहिली.

शेवंताबाईंच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या बुद्धवंदनेला, अख्खं लेआउट मांडवात होतं. टँकरवालाही आला आणि सगळ्यांसमोर वैशालीला म्हणाला, "आता तुम्ही एकट्या. विहिरीचं बोलून घेऊ."

"बोलू ना भाऊ. आधी पाणी घ्या."

दुःखाच्या घरचं पाणी नाकारत नाहीत. त्याच विहिरीच्या पाण्याचा पेला हातात धरून तो इकडेतिकडे पाहत राहिला. ड्रम बंद केलेली सगळी घरं समोर बसली होती.

"प्या," मी म्हणाले. "आम्ही सगळे तेच प्यायलो."

त्याने पेला रिकामा केला.

"बोला आता," वैशाली म्हणाली. "भाड्याने देत नाही, एवढं धरून बोला."

तो चप्पल शोधायला लागला. वैशालीने पुढच्या पाहुण्याचा पेला भरला, अगदी काठोकाठ. शेवंताबाई भरायच्या तसाच.