‘डॉक्टर बोलवा’

आमच्या काष्टीच्या दूध डेअरीचा मी सचिव. मोबाईलचं आणि माझं फारसं जमत नाही, पण धनश्रीचं कौतुक मी गावभर केलं होतं. नगरला कॉम्प्युटर शिकून आलेली ही पोरगी घरबसल्या वेबसाइट बनवायची. वेबसाइटच्याच सामानातून तिनं डेअरीचं ॲप उभं केलं. एकदा लिहिलं की कुठल्याही फोनवर चालतं म्हणे. त्यात एकच मोठं हिरवं बटण होतं: ‘डॉक्टर बोलवा’.

आमच्या लोकांना एक खोड आहे. जनावराचं पोट फुगलं की गुरांच्या डॉक्टरला बोलवायचं, तोवर गोडेतेल पाजायचं, आणि उतार पडला की डॉक्टरला कळवायचंच नाही. तो बिचारा दहा किलोमीटर फुकट येणार! म्हणून मीच हट्ट धरला, तेच बटण पुन्हा दाबलं की बोलावणं रद्द झालं पाहिजे. धनश्रीनं तसं केलं आणि स्वतःच्या नव्या फोनवर पन्नासदा तपासलं.

मंगळवारी दुपारी ती डेअरीत लॅपटॉप उघडून बसली होती. स्क्रीनवर बोलावण्यांच्या यादीत वस्तीवरच्या भागूबाईंचं नाव आलं, गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं.

“काका, हे काय?”

“तेल लागू पडलं असंल,” मी हसलो.

पाच-सात मिनिटं तशीच गेली. मग ती ताडकन उठली. “एवढ्या पटापट कसं लागू पडंल? त्यांचा फोन जुना हाय. ॲपच्या आत वेबसाइटच चालती ना, त्याला झेपत न्हाई. बटन उशिरा हालतंय, म्हणून त्या परत दाबत्यात!”

भागूबाई फोन उचलेनात. डॉक्टर अंगद फोनवर श्रीगोंद्याजवळ सापडले, म्हणाले, अर्धा तास लागेल. माझ्या मोटारसायकलवर आम्ही वस्तीकडे सुटलो. हट्ट माझा होता, हे वाटेत तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

गाभण गाय आडवी पडली होती. डावी कूस टम्म फुगलेली, जीभ बाहेर. धनश्री तिची मान मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत राहिली. डॉक्टर पोचले तेव्हा गाय गेली होती.

भागूबाईंच्या हातात अजून फोन होता. “माझंच चुकलं गं पोरी. मला अडाणीला दाबायलाच येत न्हाई. चारदा दाबलं, पर लागलंच न्हाई.”

धनश्रीला हुंदका आवरेना.

“काकू, तुमचं चारी वेळा बरोबर लागलं हुतं.”