सासूबाईंची कॅसेट

सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा आम्ही लखनौला महानगर नावाच्या वस्तीत राहत होतो. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी बँकेत नोकरीला, नवरा सतत दौऱ्यावर. सासरे तिथल्याच मानक नगरच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झालेले इंजिनियर, जन्मभर हुकूम सोडायची सवय. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढचे काही महिने व्यायाम झाला तरच डाव्या पायात ताकद परत येईल, नाहीतर जन्माचं अंथरूण. सासऱ्यांना एवढंच हवं होतं, की संडासला आपलं आपण जाता यावं. सासूबाई त्यांना धरून न्यायच्या आणि परत आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला दोघांचंही फार वाईट वाटायचं.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट दिवसाआड यायचा. "बाबूजी, बस ज़रा-सा और, शाबाश!" त्या शाबाशीनं सासरे धुमसायचे, पण परक्यापुढे पाय हलवायचे. तो गेला की पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यानंच सुचवलं, "भाभीजी, टेप में भर लीजिए, रोज़ बजाइए."

एका रविवारी दार लावून मी सगळे व्यायाम मराठीत कॅसेटवर भरले आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहानं टेप लावला.

"बाबा, आता डावा पाय थोडा उचलायचा का?" टेपमधून मी विचारलं.

"नको," म्हणत सासऱ्यांनी डोळे मिटले.

"जमत असेल तर आणखी थोडा..."

"नाही जमत."

कॅसेट संपेपर्यंत माझी विनवणी चालू आणि त्यांचा नकार चालू. सुनेनं सासऱ्याला 'उचला' म्हणायचं कसं? बंद दाराआडसुद्धा माझी जीभ रेटली नव्हती.

सासूबाई दारातून ऐकत होत्या. उभ्या संसारात त्यांनी नवऱ्याला 'हे करा' म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. चहा द्यायचा तरी "चहा झालाय" म्हणून कप ठेवायचा आणि निघून जायचं. त्या मला म्हणाल्या, "मला दे गं ते यंत्र." आणि टेप उचलून स्वयंपाकघरात गेल्या.

संध्याकाळी मी त्यांची कॅसेट लावली. "अहो, पाय उचला. उचला म्हणते ना! एवढंच? हे काय उचलणं झालं? आता खाली. धपकन नाही, सावकाश." मध्येच कुकरची शिट्टी, रस्त्यावरून सब्जीवाल्याची आरोळी. सासऱ्यांनी टेपकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे. तिथे खलबत्ता उगाचच जोरजोरात वाजत होता. आणि त्यांनी पाय उचलला.

मग रोज टेपशी भांडण. "उचललाय की! दिसत नाही का तुला?" समोर आल्यावर मात्र सासूबाईंचं तेच, "चहा झालाय." मला हसू आवरायचं नाही. पण पाय हलत होता. थंडी सरता सरता ते खुर्ची धरून उभे राहू लागले, तेव्हा सासूबाईंनी पुढची कॅसेट भरली.

एका सकाळी तीच चालू होती. "आता खुर्ची सोडा. सोडा म्हणते. आणि पाऊल..." लखनौची वीज ती. व्होल्टेज उतरलं, सासूबाईंचा आवाज जाड झाला, घरंगळला आणि बंद पडला. सासऱ्यांनी खुर्ची सोडलेली होती. खोलीच्या मधोमध ते थरथरत उभे, ना पुढे ना मागे. मी धावणार तेवढ्यात सासूबाई कणकेच्या हातांनीच बाहेर आल्या आणि त्यांनी मला नजरेनंच थांबवलं. त्यांनी एकदा बंद पडलेल्या टेपकडे पाहिलं. सासरे त्यांच्याकडे बघत होते.

"टाका पाऊल," त्या नवऱ्याच्या तोंडावर म्हणाल्या. "मी आहे."

त्यांनी टाकलं. हेलकावले, सावरले.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता पुढचं," म्हणत सासूबाई संडासाच्या दाराकडे एक पाऊल मागे सरकल्या.