तिला शिकवलेला वास

मुलाची पँट मशीनला लावताना खिशात प्लॅस्टिकची एक छोटी पुडी सापडली. तळाशी थोडा हिरवट-तपकिरी चुरा होता. हॉस्टेलवर राहिलेल्या माणसाला गांजाचा वास ओळखायला वेळ लागत नाही. मुलगा बाहेर हॉलमध्ये कुत्रीच्या कानामागे खाजवत बसला होता. मी चार पावलं चालून त्याला विचारू शकलो असतो. मी पुडी खिशात घातली आणि मशीन सुरू केलं.

माझा आतेभाऊ सैन्यात श्वानपथकात होता. आता निवृत्त होऊन औंधजवळ शेती करतो. यमाईच्या दर्शनाचं निमित्त काढून मी कुत्रीला गाडीत घातलं आणि एकटाच त्याच्याकडे गेलो. पुडी, पोरगा, आणि कुत्रीला तो वास हुडकायला शिकवायचंय, हे सगळं ऐकून घेतल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, “पोराला इचारलंस का?”

“विचारलं. नाही म्हणाला,” मी म्हणालो.

हे खोटं होतं. पुढे बरेच दिवस ते मी कुणाला सांगितलं नाही.

“बरं,” तो म्हणाला. “पन तिला चोर-पोलीस काय कळत न्हाई गड्या. तिला फकस्त टॉवेल पायजे. वास घावला की गप खाली बसायचं, मग टॉवेल मिळतो. तिच्यासाठी ह्यो खेळ हाय. बक्षीस चुकवलंस तर कुत्रं बिघडतं, ध्यानात ठेव.”

जुन्या टॉवेलची त्याने घट्ट गुंडाळी बांधून दिली. कापडाच्या चिंध्या पुडीसोबत डबीत बंद ठेवायच्या, वास मुरला की घरात लपवायच्या आणि तिला शोधायला सोडायचं, एवढंच काम. निघताना म्हणाला, “आन् ती पुडी घरात लय दिवस ठिवू नगंस. तूच आत जाशील.”

पण मी ठेवली. आणि ठेवली कुठे, तर चिंध्यांच्या त्या सैल झाकणाच्या डबीसकट देवघराच्या खणात. आमच्याकडे रोजची पूजा मी करतो. वाती, उदबत्त्या, कापूर, जुनी पंचांगं असलेल्या त्या खणाला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. बायको लावत नाही, मुलगा तर नाहीच. मला ती जागा फार हुशारीची वाटली.

मुलगा रविवारी सकाळी क्लासला गेला की आमचा अभ्यास चाले. ही कुत्री त्याने दहावीत असताना आणलेली. तो तिला ‘बये’ म्हणतो. माझ्याकडे ती तोवर फक्त पोळीपुरती यायची. आता मी खुर्चीवरून उठलो की तिचे कान ताठ होत. सोफ्याखाली, चपलांच्या कपाटात, कुंडीमागे, कुठेही चिंधी लपवली तरी ती नाक लावत जायची, पटकन खाली बसायची आणि मान वळवून माझ्याकडे बघायची. त्या बघण्याची मला सवय लागली. विश्रामबागेतल्या आमच्या घरात इतक्या आनंदाने माझी वाट कुणी पाहिल्याला बरीच वर्षं झाली होती. ती टॉवेल ओढायची आणि मी जमिनीवर बसून हसायचो.

“पन्नाशीला खेळायला लागलात,” बायको म्हणायची. “पोरगा लहान असताना वेळ नव्हता!” मी हसण्यावारी नेलं.

मध्येच एक गंमत सुरू झाली. सकाळी आरती करताना कुत्री येऊन देवघरासमोर शांत बसू लागली. “भाविक झालीय,” बायको म्हणाली. खणातली पुडी तिला कळते, म्हणून मला आपल्या शिकवणीचा अभिमानच वाटला.

मग तो सोमवार आला. मुलाला सर्दी झाली होती. तरी कॉलेजला निघाला होता, बॅग हॉलमधल्या खुर्चीवर होती. कुत्रीने बॅगेला नाक लावलं, खाली बसली आणि माझ्याकडे पाहिलं.

“बॅगेत काय आहे?” मी विचारलं.

“वह्या. का?”

मी बॅग उचलली आणि सोफ्यावर उलटी केली. वह्या, चार्जर, डबा पडला, आणि गाठ मारलेला एक रुमाल. मी गाठ सोडली. आत ओवा आणि कापूर.

“अहो, ते मी दिलंय!” बायको स्वयंपाकघरातून आली. “रात्रभर नाक चोंदलं होतं त्याचं. झालंय काय तुम्हाला?”

कापराचा वास हॉलभर पसरला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या खणात माझ्या चिंध्यांनी दुसरं काय प्यायलं असणार?

मुलगा माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता. ती तशीच बसून बारीक कुंइं-कुंइं करत होती.

“हिला शिकवलंत तुम्ही?”

“हो.”

“माझ्यासाठी?”

मी मान डोलावली. तो रागावेल, दार आपटेल असं वाटलं होतं. तो गुडघ्यांवर बसला.

“बसल्यावर हिला काय द्यायचं असतं?”

“टॉवेल.”

“मग द्या ना. वाट बघतेय ती.”

मी टॉवेल आणून दिला. त्याने एक टोक धरलं, तिने दुसरं. थोडा वेळ खेळला, खाली मान घालूनच. मग वह्या भरल्या आणि गेला.

दुपारी आतेभावाला फोन केला, खोटं बोललो तेही सांगितलं. तो आधी पोट धरून हसला. “गड्या, ती गांजा न्हाई शिकली, आरती शिकलीया!” मग म्हणाला, “आता तरी इचार त्याला.”

पुडी मी संडासात टाकून पाणी सोडलं. संध्याकाळी तो आला तेव्हा मी पायरीवर बसलो होतो. तोही बसला, कुत्री आमच्यामध्ये येऊन आडवी झाली. मी सगळं सांगितलं, पँटच्या खिशापासून.

“देवघरात?” तो म्हणाला. “बाबा, गांजा देवघरात ठेवलात? आईला कळलं तर माझ्याआधी तुम्ही घराबाहेर.”

आम्ही दोघंही हसलो. हसणं संपल्यावर मी विचारलं, “घेतोस का रे?”

तो तिच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

“घेतो. रोज नाही. बंद करायचं ठरवतो, मग परत होतं.”

मला ‘नाही’ ऐकायचं होतं, म्हणून तर इतके दिवस विचारलं नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा माझ्याहून रुंद कधी झाला, मला माहीत नव्हतं.

“डॉक्टरकडे जायचं का?” मी म्हणालो. “मी येतो बरोबर.”

“बघू.” मग म्हणाला, “उद्या परत विचाराल?”

“विचारीन.”

“चिडाल?”

“चिडेनही कदाचित.”

“चालेल,” तो म्हणाला. “पण तुम्हीच विचारा.”