काठावरचा काळा गाळ

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला दारूचा कारखाना होता. तो बंद पडून बरीच वर्षं झाली, मालक शहरात राहायला गेला, पण त्याची घाण आमच्या तळ्यातच राहिली. कारखान्यातून सोडलेलं काळं, आंबूस वासाचं पाणी ओढ्यानं यायचं. त्याचा गाळ तळाशी जाड बसला होता. विहिरींना चहासारखं पाणी लागायचं.

अर्ज करून करून दमलो तेव्हा कुठं एका उन्हाळ्यात गाळ काढायला मशीन आलं. मी आणि माझी थोरली जाऊ बघायला गेलो. मशीन गाळ उपसत होतं आणि लगेच काठावरच ओतत होतं. मी तिथल्या साहेबांना विचारलं, "इथंच टाकला तर पावसात परत खाली नाही का येणार?"

"ताई, आमच्याकडं फक्त काढायचं काम आहे," ते म्हणाले. "वाहून न्यायची मंजुरी वेगळी. ती यायचीय अजून."

ती आली नाही. पाऊस मात्र आला. ढिगाऱ्यांना घळी पडल्या आणि काळे ओघळ माझ्या डोळ्यांदेखत तळ्यात उतरले. त्याआधी थोरल्या दिरांनी, मी नको नको म्हणत असताना, त्यातल्या चार ट्रॉल्या वावरात पसरल्या होत्या. तळ्याचा गाळ म्हणजे सोनं, असं त्यांचं म्हणणं. तिथं कापूस उगवलाच नाही. मग ते माझ्याशीच अबोला धरून बसले, जसा काही तो गाळ मीच तयार केला होता.

पाऊस उघडला तरी निम्मा ढीग काठावरच होता. एका सकाळी जाऊ म्हणाली, "आता कावून वाट बघायची, कशासाठी? ज्याचा हाय त्याच्या दारात नेऊन टाकू."

दिरांनी ट्रॅक्टरची चावी आणून दिली. गल्लीतल्या बायका फावडी घेऊन आल्या. आम्ही कारखान्याच्या फाटकासमोर ट्रॉली रिकामी केली. वॉचमन धावत आला.

"मालकाला काय सांगू मी?"

"तुमचा माल परत आलाय म्हणून सांगा," जाऊ म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तहसीलची गाडी आली, मागोमाग पोलिसांची. तळ्यासाठी इतक्या घाईनं कुणी कधी आलं नव्हतं. रस्ता अडवल्याबद्दल आम्हालाच दम मिळाला. मी म्हणाले, "उचलतो. पण कुठं नेऊ ते तुम्ही सांगा."

तहसीलच्या साहेबांनी वॉचमनला फाटक उघडायला खुणावलं. मग म्हणाले, "सध्या आत टाका."

फाटक उघडलं. आत कारखान्याची सांडपाण्याची टाकी होती, सिमेंटची, भलीमोठी, वर पत्र्याचं छप्पर, आतून कोरडी ठणठणीत, काळा डाग कुठंच नाही. जाऊ तिच्या काठावर उभी राहिली. "टाकी होती की यांच्याकडं," ती म्हणाली. "मग आमच्या तळ्यात कावून सोडलं?" साहेब फोनवर बोलत गाडीकडं गेले.

काठावरचा गाळ आम्ही त्या टाकीत नेऊन टाकला. पण पावसानं परत नेलेला अजून तळाशीच आहे आणि म्हशी त्या पाण्याला तोंड लावत नाहीत. मशीन पुन्हा आलेलं नाही. एवढं झालं हेही पुष्कळ, असं गावात सगळे म्हणतात. मला ते ऐकवत नाही. परवाच मी तहसीलमध्ये नवा अर्ज दिला. तिथल्या माणसानं तो न वाचता बाजूला ठेवला आणि म्हणाला, "तुमचं तळं तर साफ झालंय ना?"