नको म्हटलेली चार वर्षं

दोन विद्यापीठांनी मला पीएच.डी.साठी बोलावलं तेव्हा मी चेन्नईत, तांबरमला एका घराच्या वरच्या खोलीत राहत होते. पत्रं आली त्या दिवशी मी ती दोनदा वाचली, मग कपडे वाळत घातले. सांगायला लगेच कोणी सुचलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. बी.ई. झाले तेव्हा बार्शीत आमच्या गल्लीत पेढे वाटले होते, पण पीएच.डी.च्या प्रवेशाला पेढे वाटायचे की नाही हेच तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. आई म्हणाली, "अजून शिकायचं राहिलंय व्हय?"

मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चाचणी विभागात होते. स्प्रिंग यंत्रात लावायची, तुटेपर्यंत दाबायची आणि कितव्यांदा तुटली ते लिहायचं. धातू थकतो कसा, हे मला त्या यंत्रापाशी उभं राहून कळलं आणि त्याचाच अभ्यास करावासा वाटू लागला. कंपनीच्या बसमध्ये मी त्या विषयातले शोधनिबंध वाचायची. त्यातले मला सगळ्यात आवडलेले निबंध ज्या प्राध्यापकांचे होते, त्यांनीच दोनातलं एक पत्र पाठवलं होतं.

त्यांचं विद्यापीठ परदेशातल्या मोठ्या बंदराच्या शहरात होतं. तिथे मराठी मंडळ होतं, गणपती बसत होता. मी हे सगळं आधीच शोधून ठेवलं होतं. अडचण एकच. अभ्यासक्रम पाच वर्षांचा, आणि विद्यावेतनाची हमी फक्त पहिल्या वर्षाची. पुढचं पुढे बघू, असं पत्रात सभ्य भाषेत लिहिलं होतं. दुसरं विद्यापीठ खूप उत्तरेला, सहा महिने बर्फ असणाऱ्या एका छोट्या गावात. तिथे पाचही वर्षं फी माफ आणि राहण्याखाण्यापुरतं वेतन, सगळं लेखी. त्या गावाच्या नावाबरोबर 'मराठी' हा शब्द टाकून शोधलं तर काहीच आलं नाही.

बंदराच्या शहरातल्या प्राध्यापकांनी एका संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला. अर्धा तास छान बोलले. माझ्या स्प्रिंगांबद्दल इतक्या आस्थेने माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "उरलेल्या चार वर्षांसाठी तुम्हाला मदत लागेल का? लागणार असेल तर मी विभागाशी बोलतो."

मी म्हणाले, "नाही, नाही. मी करीन काहीतरी."

ते म्हणाले, "उत्तम." आणि काहीतरी लिहून घेतलं.

मी त्यांच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. तो आला नाही. त्यांनी हसून निरोप घेतला आणि स्क्रीनवर माझा एकटीचा चेहरा उरला.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी हे शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सहकाऱ्याला सांगितलं. तो चेन्नईतल्याच नुंगंबाक्कमचा, आईवडील दोघंही प्राध्यापक. आम्ही इंग्रजीतच बोलायचो. तो दहीभात कालवता कालवता थांबला.

"त्यांनी स्वतःहून विचारलं आणि तू नको म्हणालीस?"

"आमच्याकडे पहिल्यांदा नकोच म्हणतात."

"बरं. मग?"

"मग समोरचा आग्रह करतो. परत विचारतो."

"किती वेळा?"

मी विचार केला. "तीनदा तरी."

तो हसला नाही, याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे. "तो माणूस तुला जेवायला वाढत नव्हता," तो म्हणाला. "तो विचारत होता म्हणजे त्याच्या हातात काहीतरी होतं. आजच पत्र लिही." मग म्हणाला, त्याच्या कॉलेजच्या अर्जांच्या वेळी आलेलं प्रत्येक पत्र त्याच्या आईने त्याच्याआधी वाचलं होतं, असल्या गोष्टी तिला बरोबर कळतात. तो हे सहज बोलला. मला डबा बंद करून उठावंसं वाटलं.

मी तोंडावर बोलणारी म्हणून कारखान्यात प्रसिद्ध होते. एका मॅनेजरला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की हा आकडा खोटा आहे आणि मी त्यावर सही करणार नाही. पण ते स्प्रिंगसाठी होतं. स्वतःसाठी मागणं मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी अकरावीत असताना, आप्पा, म्हणजे माझे वडील, ज्या डाळ मिलमध्ये कामाला आहेत, तिथले शेठजी पुस्तकं द्यायला घरी आले होते. आई दारातच म्हणाली, "नको, हायेत आमच्याकडं." नव्हती. शेठजींनाही माहीत होतं नव्हती. चार वेळा नको झालं, मग आईने पुस्तकं घेतली, आणि दोघांचाही मान राहिला. मला वाटलं होतं, जगात सगळीकडे असंच चालतं.

तीन दिवस मी पत्र लिहिलं नाही. चौथ्या दिवशी, रविवारी, घरमालकीण मामींनी खाली जेवायला बोलावलं. मामी सत्तरीच्या, तंजावरकडच्या. त्यांचे पूर्वज कधीकाळी आपल्याकडून तिकडे गेले. त्यांची मराठी तमिळच्या चालीवर वरखाली जाते आणि त्यातले काही शब्द मी त्याआधी कधी ऐकलेले नव्हते. सुरुवातीला आम्ही दोघी एकमेकींना अर्ध्याच कळायचो. त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं.

"मग लिही की," मामी म्हणाल्या.

"आता कसं लिहू? नको म्हणून बसले."

"त्यात लाज कसली? तू काय त्याची सून आहेस?"

मला हसू आलं. मामी हसल्या नाहीत. पानात रसम वाढत म्हणाल्या, "सेरी, बरं, आधी साप्पाडु. जेव, आणि मग लिही. पोट रिकामं असलं की माणूस फार नम्र लिहितो."

जेवून वर गेले आणि चार ओळी लिहिल्या. मी त्या दिवशी नाही म्हणाले ते खरं नव्हतं. मला चारही वर्षं मदत लागेल. घरून काही मिळण्यासारखं नाही. आधी सांगायला हवं होतं. पाठवलं, आणि पहिल्यांदाच वाटलं की आपण कुणापुढे तरी खरंखुरं उभं राहिलो.

दोन दिवसांनी उत्तर आलं. माणूस चांगला होता, म्हणूनच ते वाचणं जड गेलं. त्यांच्याकडे एका विद्यार्थ्यापुरती पूर्ण तरतूद होती. मी नको म्हटल्यावर त्यांनी विभागाला तसं कळवलं आणि ती दुसऱ्या कुणाला दिली गेली. 'तुम्ही इतक्या खात्रीने बोललात, की परत विचारणं मला उद्धटपणाचं वाटलं असतं,' असं त्यांनी लिहिलं होतं. पहिल्या वर्षासाठी मी अजूनही यावं, अशी त्यांची इच्छा होती.

मी ती ओळ बराच वेळ बघत बसले. आमच्याकडे परत न विचारणं उद्धटपणाचं. माझ्यावर चिडावं तर मी माझ्या घरच्या रीतीने नीट वागले होते. त्यांच्यावर चिडावं तर तेही त्यांच्या रीतीने नीट वागले होते. चिडायलाही कोणी उरलं नाही.

शुक्रवारपर्यंत दोन्हीकडे कळवायचं होतं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी कॅन्टीनच्या मागच्या कठड्यावर बसून बर्फाच्या गावाला होकार कळवला. फोनवर दोन जागी बोट लावायचं होतं, एवढंच. मग बंदराच्या शहराला नकार लिहिला. या वेळचा नको खरा होता, आणि तो लिहायला पहिल्या नकोपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

मग आप्पांना फोन केला. मिल चालू होती, ते ओरडूनच बोलत होते.

"कुठलं घेतलंस?"

"लांबचं, आप्पा. बर्फातलं."

"पैशे?"

"तेच देणार. पाचही वर्षं."

"शिकायचं तू, आन पैशे त्यांनी द्यायचे?" त्यांना अजून ते पटत नव्हतं. "लिहून दिलंय का?"

"दिलंय."

"मग बरं." ते मिलच्या बाहेर आले असावेत, आवाज एकदम जवळचा झाला. "तिथं आपलं कोण हाय का?"

"कोणी नाही."

टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नाही. ते खरोखरच हिशेब लावत होते, की पोरीला हे झेपेल का. मग शांतपणे म्हणाले, "चेन्नईत तरी कोण होतं?"

चार वर्षं दर रविवारी मी त्यांना सांगत आले होते की इथे खूप ओळखी झाल्यात, सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून फिरतो, मजेत आहे. एकदाही त्यांनी त्यावर परत विचारलं नव्हतं.

"जाशील तू," ते म्हणाले, आणि मिलमध्ये परत गेले.