अर्धी वाचून दिलेली कादंबरी

चष्म्याच्या दुकानात माणूस चष्म्यासाठी जातो. पण या दुकानातून बाहेर पडणारा माणूस नाकावर चष्मा आणि डोक्यात एक कादंबरी घेऊनच निघायचा. काउंटरमागे जी बाई बसायची तिला घरी सगळे धाकटी म्हणायचे. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी धाकटीच. गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी नीट बसवता बसवता ती विचारायची, "आता स्वच्छ दिसेल. मग पहिलं काय वाचणार?"

समोरचा गांगरायचा. म्हणायचा, "औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर."

"अहो, बाटली काय वाचता! परवाच एक संपवली मी. दोन विहिणी, एकमेकींचं तोंड बघायला तयार नाहीत, आणि लिफ्टमध्ये अडकतात. अख्खी कादंबरी लिफ्टमध्ये! हसून हसून पोट दुखलं, आणि शेवटी रडले हो, खरंच रडले. वाचाच."

मालक कपाळाला हात लावायचा. "बाई, आपण चष्मे विकतो."

"मग चष्मा लावून लोकांनी भिंतीकडे बघत बसायचं का?"

मालक पुन्हा गल्ल्यात डोकं घालायचा. लोक परत यायचे, चष्म्याचा स्क्रू घट्ट करायच्या निमित्ताने आणखी एक नाव विचारून जायचे. धाकटीच्या शब्दाला वजन होतं, कारण तिचा एक नेम होता. शेवटचं पान उलटल्याशिवाय ती कुणाला कादंबरी सुचवायची नाही. "चव न घेता वाढणाऱ्यातली मी नाही," म्हणायची. हा नेम तिने जन्मात एकदाच मोडला, आणि मोडला तोही नेमका ताईच्या बाबतीत.

ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. दिवे मालवल्यावर चोरून कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलींची पुस्तकं जप्त करायची, आणि सकाळपर्यंत स्वतः वाचून परत द्यायची. वर मुलीला दम भरायची, "असलं फालतू काय वाचतेस? याच्यापेक्षा चांगलं सांगते मी तुला." धाकटीला वाचनाची खोड लागली ती ताईमुळेच.

दोघी लहानपणापासून एकाच प्रतीतून वाचायच्या. पुस्तकात दोन दोरे असायचे. लाल धाकटीचा, निळा ताईचा. दोघींचं वाचून संपेपर्यंत पुस्तकाबद्दल अवाक्षर बोलायचं नाही, हा कायदा. संपलं की दोन्ही दोरे बाहेर काढायचे आणि मग मनसोक्त बोलायचं, भांडायचं, वेळेला रुसायचंसुद्धा. लग्नं झाली, घरं वेगळी झाली, धाकटीचा नवरा गेला, पण दोरे चालूच राहिले.

मग ताईच्या किडन्या गेल्या. हृदय दुबळं, म्हणून किडनी बदलायचा विषय डॉक्टरांनी केव्हाच बाद केला. उरलं डायलिसिस. एक दिवसाआड इस्पितळातल्या आरामखुर्चीत पडायचं, दंडात जाडजूड सुया टोचून घ्यायच्या, आणि शेजारचं यंत्र अंगातलं सगळं रक्त बाहेर काढून धुऊन परत आत सोडतंय ते बघत बसायचं. सुरुवातीला ताईने नर्सलाही हसवलं. म्हणाली, "माझे कपडे कधी कुणी इतक्या निगुतीने धुतले नाहीत." पुढे पुढे हसू आटलं. पायात गोळे यायचे, रक्तदाब धाडकन खाली जायचा, घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मान वर होत नसे. आणि मान वर झाली की पुन्हा जायची वेळ आलेलीच असे.

एक दिवस भावजी, म्हणजे ताईचे यजमान, दुकानात आले. आयुष्यात चष्मा न लागलेला माणूस. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि काउंटरवरची एक फ्रेम हातात घेऊन नुसती उघडत-मिटत राहिले. "ती आता पुरे म्हणतेय," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, निर्णय तिचा. माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल. काहीतरी कर गं बाई, मी तिच्याशिवाय काय करू?"

धाकटी तरी काय करणार? डॉक्टर ती नव्हती, देव तर नव्हतीच. तिला एकच गोष्ट येत होती. त्या दिवसापासून तिने ताईला कादंबऱ्या पुरवायचा सपाटा लावला. एक संपत नाही तोच दुसरी. "ताई, ही घे. रेल्वेच्या बोगद्यात रूळ तपासणाऱ्याची आहे, एकदा हातात घेतलीस की सोडवणार नाहीस." "ताई, ही एका खोटारड्या मोलकरणीची. शेवट तुला ओळखता आला तर नाव बदलीन." ताई खुर्चीत पडल्या पडल्या उजव्या हाताने वाचायची. निळा दोरा पुढे सरकायचा. पुस्तक अर्धवट असलं की ताई म्हणायची, "एवढी संपू दे, मग बघू." धाकटीला तेवढंच हवं होतं.

पण चांगल्या कादंबऱ्या काय झाडाला लागतात? धाकटी वाचनालयाच्या कपाटांतून वेड लागल्यासारखी हिंडायला लागली. एक रटाळ, दुसरी रडकी, तिसरीत पानोपानी मढी. ताईला तसलं द्यायचं? छे! वेळ तर संपत आलेला, ताईच्या हातातल्या पुस्तकाची शेवटची थोडी पानं उरलेली. तेवढ्यात एक सापडली. नदीवर पूल होणार म्हणून ज्याची फेरीबोट बंद पडणार अशा एका म्हाताऱ्या नावाड्याची. काय इरसाल म्हातारा! पुलाच्या इंजिनियरला मुद्दाम भलत्याच काठावर उतरवतो काय, उद्घाटनाच्या फितीची कात्रीच पळवतो काय! धाकटी बसमध्ये एकटीच खदखदून हसली. अर्धी झाली होती. पुढे काय वाईट असणार? तिने लाल दोरा मध्यात घातला आणि कादंबरी ताईच्या हातात ठेवली. "अशी मी वर्षात वाचली नाही," असंही ठोकून दिलं.

ताईने ती दोन बैठकांत संपवली. पुस्तक मांडीवर उपडं ठेवून छताकडे बघत राहिली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा निवांत दिसत होता.

"आजवर दिलेल्यांतली ही सगळ्यात चांगली," ती म्हणाली. "धाकटे, मी डॉक्टरांना सांगितलंय. पुढच्या वेळेपासून मी येत नाही."

धाकटीने तिच्या मांडीवरचं पुस्तक उचललं. बाहेर बाकावर येऊन तिने पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग भराभर चाळला. पूल होतो. म्हातारा आजारी पडतो. इस्पितळातून एके सकाळी आपल्या पायांनी घरी येतो, नदीकडे तोंड करून खाट टाकायला सांगतो, आणि औषधाची पिशवी सुनेच्या हातात देऊन म्हणतो, आता हे पुरे. पुढे वाचवेना. करायला गेले एक आणि झालं भलतंच! स्वतःच्या हाताने, स्वतःच्या जिभेने तारीफ करून, तिने ताईला हे नेऊन दिलं होतं. तिला स्वतःचं थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं.

मग तिला कायदा आठवला. ती तशीच आत गेली. "ताई, माझी संपलेली नाहीये ती. अर्धीच झालीय."

"अर्धी?" ताईने मान वळवली. "मला वाटलं, लाल दोरा चुकून मध्ये राहिला. अर्धी वाचून दिलीस? तू?"

"हो. चुकले. पण माझी संपल्याशिवाय आपल्याला बोलता येणार नाही. आणि बोलल्याशिवाय तू..."

ताईने पुस्तकातून लोंबणाऱ्या लाल दोऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. संपव. तोवर येते."

आणि जी बाई कादंबरीचा दोन दिवसांत फडशा पाडायची, तिने वाचणं सोडलं. लाल दोरा मध्यात गेला तो तिथेच रुतून बसला. दुसरं पुस्तकही ती हातात घेईना, कारण ते घेतलं तर ताई विचारणार, याला वेळ आहे आणि त्याला नाही? भावजी रोज फोन करायचे. "किती वाचलीस?"

"एक ओळ नाही."

"शाब्बास!" भावजी म्हणायचे, आणि फोन ठेवायचे.

दुकानात काउंटरमागे आता मुकाट्याने चष्मे विकले जायचे. गिऱ्हाईक विचारायचं, "काय बाई, नवीन काय वाचलंत?" ती काच पुसत राहायची. शेवटी मालकच म्हणाला, "बाई, लोकांना काहीतरी सुचवा हो. दुकान खायला उठतं."

इकडे ताई शब्दाला जागत होती. एक दिवसाआड येत होती. आणि हे येणं कसलं, ते धाकटी समोर बसून बघत होती. सुई टोचायला आता धड जागा मिळेना. नर्स पुटपुटत माफी मागायची आणि पुन्हा टोचायची. एकदा न्हाणीघरात पडून ताईची भुवई फुटली. एकदा पायात असा गोळा आला की रेक्टर म्हणून जिच्या नुसत्या चपलांच्या आवाजाला मुली टरकायच्या ती लहान पोरीसारखी "आई गं" करून ओरडली. धाकटी तिचा पाय दाबत राहिली, आणि पिशवीतल्या पुस्तकाला हात लावायची तिची हिंमत होईना.

त्या दुपारी ताई डोळे मिटून पडली होती. तशीच म्हणाली, "दाखव बघू पुस्तक."

धाकटीने काढून दिलं. ताईने बोटाने लाल दोरा चाचपला.

"किती दिवस पुरवणार आहेस ही?"

"दुकानात काम फार आहे गं..."

"खोटं बोलायला तुला कधी जमलं नाही."

धाकटीचा बांध फुटला. "नाही वाचणार मी! वाचली की तू जाशील. मला कुणाशी बोलता येतं गं पुस्तकाबद्दल तुझ्याशिवाय? लोकांना नावं सांगते मी नुसती. बोलते तुझ्याशीच."

ताईने डोळे उघडले. सुई नसलेला हात पुढे करून तिने धाकटीच्या गालावर टेकवला.

"तू नाही वाचलीस तरी मी जाणारच आहे, वेडे. फक्त आपलं बोलायचं राहून जाईल."

यंत्र फिरत होतं. पलीकडच्या खुर्चीतला माणूस तोंडावर टॉवेल टाकून झोपला होता. धाकटीने पदराने चष्मा पुसला, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. ताई तिच्या तोंडाकडे बघत होती, लहानपणी बघायची तशी, कुठे हसते, कुठे थांबते ते टिपत. सुनेच्या पिशवीपाशी धाकटी थांबली. पुन्हा वाचायला लागली. म्हातारा खाटेवर पडून पुलावरून जाणाऱ्या माणसांना शिव्या घालतो तिथे, नको नको म्हणताना, तिला हसू फुटलं.

"आलीस वाटतं शिव्यांपाशी," ताई म्हणाली.

शेवटचं पान उलटून धाकटीने पुस्तक मिटलं.

"आवडली?" ताईने विचारलं.

साधा प्रश्न. आयुष्यभर दोघींनी एकमेकींना विचारलेला. त्याला धाकटीने कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं. आज द्यावं, असं तिला जिवाच्या आकांताने वाटलं. टुकार आहे, फसवी आहे, म्हाताऱ्याचं चुकलं, असं ओरडून सांगावं. तिने ताईच्या दंडावरच्या काळ्यानिळ्या डागांकडे पाहिलं.

"आवडली," ती म्हणाली.

"मग सांग. काय आवडलं?"

यंत्र थांबायच्या वेळेला भावजी ताईच्या चपला हातात घेऊन आत आले. दोघी बहिणी बोलत होत्या, एकीचं वाक्य दुसरी तोडत होती. पुस्तक मिटून खुर्चीच्या हातावर ठेवलं होतं. भावजींनी कादंबरी कधी वाचली नव्हती, पण या दोघी बहिणींसोबत इतकी वर्षं काढली होती. लाल आणि निळा, दोन्ही दोरे बाहेर काढून ठेवलेले त्यांना दिसले. ते चपला तशाच हातात धरून दाराजवळच्या स्टुलावर बसले.